राखीव किमतीशिवाय

सोमवार, ४ मार्च

ही वही कन्येने आणून दिली. "बाबा, तुम्ही बोलत नाही, तर निदान लिहा तरी," असे ती म्हणाली. लिहिण्याजोगे काही घडेपर्यंत वही कोरी ठेवण्याचा माझा विचार होता. आज घडले, म्हणून आरंभ करतो.

पत्नीला जाऊन सात आठवडे झाले. भेटीस येणाऱ्यांची संख्या आता रोडावली आहे. तरी आज सकाळी साडेदहा वाजता एक गृहस्थ आले. वय पन्नाशीचे, बोलणे मऊ, आणि हवा तापू लागलेली असूनही गळ्यात लोकरी गळपट्टा. ते एका कलादालनाचे मालक आहेत. पत्नी भूगोल शिकवीत असे आणि स्वतःच्या पगारातून अधूनमधून चित्रे घेत असे. तिच्या खर्चात मी कधी लक्ष घातले नाही. आमच्या भिंतींवर नऊ चित्रे आहेत, हे मला ठाऊक होते. ती सर्व एकाच चित्रकर्तीची आहेत आणि याच गृहस्थांकडून आली आहेत, हे आज समजले.

"बाईंची नजर काय होती, साहेब! वीस वर्षं या धंद्यात आहे मी, पण कोण वर येणार हे त्यांना माझ्याआधी कळायचं."

मी आभार मानले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"एक विनंती होती. ही नऊ चित्रं इतक्यात विकू नका. दोन वर्षं तरी नाहीच. आणि विकायचीच वेळ आली, तर आधी मला एक फोन करा."

"मी ती विकणार आहे, असे आपणांस कोणी सांगितले?"

"कुणी नाही हो. आपलं सांगून ठेवलं."

मी चौतीस वर्षे वजनमापे निरीक्षक होतो. दुकानदार आपण होऊन "साहेब, तो काटा राहू द्या, तो वापरातच नाही" असे म्हणाला, की मी प्रथम तोच काटा तपासावयास घेत असे. बहुधा त्याच्याच पारड्याखाली लोहचुंबक सापडे. हे गृहस्थ चित्रे विकत मागत नाहीत. उलट मी ती विकू नयेत, एवढ्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाहून येतात. येथे कोठेतरी पाणी मुरते आहे.

बुधवार, ६ मार्च

नऊही चित्रे उतरवून मोजली. सर्वांत मोठे ९१ × १२२ सेंमी, सर्वांत लहान ३० × ३०. चौकटींचे कोन तपासले; काटकोनात आहेत. मागील बाजूस दालनाची चिठ्ठी, वर्ष आणि सही. विषय सर्वत्र एकच: रिकामी भिंत. भिंतीवरचे घड्याळ, आरसा किंवा कपाट हलविल्यावर मागे राहतो तसा उजळ चौकोन, एखादे खिळ्याचे भोक, आणि सभोवार वर्षानुवर्षांचा मळकट रंग. घरमालकाने भाडेकरूविरुद्धच्या तक्रारीला जोडावा, असा हा पुरावा आहे. पत्नीने यासाठी आपल्या कष्टाचे पैसे का मोजले असावेत, हे समजत नाही. कोणीतरी तिला ते मोजावयास लावले असणे शक्य आहे.

उतरवलेल्या चित्रांमागे आमच्याही भिंतींवर तसेच नऊ उजळ चौकोन दिसले. चित्रे तातडीने पूर्ववत टांगली.

सायंकाळी कन्येचा दूरध्वनी.

"चित्रं मोजून काय कळणार बाबा?"

"माप कळते."

"आईला आवडली, तिनं घेतली. एवढं पुरत नाही तुम्हाला?"

"आवडणे वेगळे आणि आवडावयास लावणे वेगळे."

"आता कुणाचा संशय येतोय? फ्रेमवाल्याचा?"

चौकटी करणाऱ्याचा मी विचार केला नव्हता. त्याचीही नोंद घेतली आहे.

वाचनालयातून कलाविषयक मासिकाचे पाच वर्षांचे अंक आणले. दर वर्षी जानेवारीत 'उद्याचे चित्रकार' अशी बारा नावांची यादी छापली जाते. पाच वर्षांत साठ नावे. त्यांपैकी नंतरच्या अंकांत पुन्हा कोठेही आढळली ती सात. उरलेली त्रेपन्न कोणाच्या सोयीसाठी छापली? याच अंकांत असेही वाचले, की नव्या चित्रकाराची किंमत चित्राच्या क्षेत्रफळावरून ठरविण्याची पद्धत आहे. म्हणजे हा माल चौरस सेंटिमीटरवर विकला जातो, आणि त्यावर निरीक्षक मात्र एकही नाही.

शनिवार, ९ मार्च

कलादालनास भेट. सांगून गेलो नव्हतो.

दुसऱ्याच कोणा चित्रकाराचे प्रदर्शन कालच उघडले होते. वीस चित्रांपैकी चौदांशेजारी लहान तांबड्या टिकल्या डकवलेल्या. टिकली म्हणजे चित्र विकले गेले. प्रथम मी समोरच्या पदपथावरील बाकावर तीन तास बसून पाहणी केली. अकरा माणसे आत गेली, अकरा बाहेर आली. कोणाच्याही हाती चित्र नव्हते. मग आत जाऊन गळपट्टेवाल्या गृहस्थांना विचारले, की एका दिवसात चौदा गिऱ्हाइके आली कोठून.

"आधीच यादी असते, साहेब. ओळखीची माणसं. आणि चित्रं प्रदर्शन संपल्यावरच घरी जातात." त्यांनी खिडकीकडे पाहिले. "ऊन लागलं असेल बाकावर. आत यायचं होतं की."

तेवढ्यात एक श्रीमंत दिसणाऱ्या बाई आल्या आणि एका चित्राकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे मला हवंय."

"तुम्हाला नाही देता येणार."

"का? टिकली नाहीये त्याच्यावर."

"गेल्या वर्षी एका नव्या मुलाचं चित्र नेलंत आणि चार महिन्यांत लिलावात काढलंत. पडलं ते. त्या मुलाला आता कुणी दारात उभं करत नाही."

"माझे पैसे, माझं चित्र! मी विकीन नाहीतर चुलीत घालीन!"

"चुलीत घाला, चालेल. लिलावात घालू नका."

बाई तणतणत निघून गेल्या. चालून आलेल्या गिऱ्हाइकाला माल नाकारणारा दुकानदार मी चौतीस वर्षांत पाहिला नाही. हा प्रवेश माझ्यासाठी बसविलेला असावा, असे प्रथम वाटले. परंतु मी येणार हे त्यांना ठाऊक नव्हते. अर्थात, खिडकीतून तीन तास त्यांनी मला पाहिले होतेच. तेवढ्या वेळात एक बाई बोलावून घेता येते.

निघताना त्यांनी पत्नीची पद्धत सांगितली. ती प्रत्येक प्रदर्शनाला दोनदा जाई, पहिल्या दिवशी आणि शेवटच्या. "मधल्या दिवसांत भाजी चिरताना, वह्या तपासताना जे चित्र आपोआप डोळ्यांसमोर येतं, तेच घ्यायचं, असं म्हणायच्या. आठ वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत." ही पद्धत कोणत्याही कसोटीवर टिकणारी नाही. फसविणाऱ्यांच्या फार सोयीची आहे, एवढे मात्र खरे.

गुरुवार, १४ मार्च

चित्रकर्तीचा ठावठिकाणा चित्रामागील चिठ्ठीवरच्या पत्त्यावर चौकशी करून काढला. ती रंगाच्या दुकानात रंग जुळविण्याचे काम करते. शयनगृहाच्या भिंतीवरील रंगाचा एक पोपडा काढून पुडीत बांधला आणि गिऱ्हाईक म्हणून गेलो. ओळख दिली नाही.

वय पस्तिशीचे, अंगात दुकानाचा निळा डगला, कोपरापर्यंत रंगाचे शिंतोडे. पोपडा उजेडात धरून तिने विचारले, "खोली कुठल्या दिशेला आहे?"

"त्याचा येथे काय संबंध?"

"अहो काका, एकच रंग उत्तरेच्या खोलीत आजारी दिसतो आणि पश्चिमेच्या खोलीत पिकतो. सांगा ना."

"उत्तरेस."

तिने पांढऱ्या रंगात थेंब थेंब टाकून मिश्रण केले, कागदावर फासले, गरम हवेच्या यंत्राने वाळविले, आणि "जवळ आलाय, पण नाही" म्हणून टाकून दिले. दुसरेही टाकले. तिसऱ्या वेळी म्हणाली, "हा." मी चष्मा पुसून पोपडा कागदावर ठेवला. सांधा दिसेना. मापनाचे काम आयुष्यभर केलेल्या माणसाने हे नमूद करणे भाग आहे: एवढी अचूकता मी प्रयोगशाळेतही क्वचित पाहिली.

गल्ल्यावरचा जाडा मनुष्य मध्येच म्हणाला, "आमच्या या मॅडम मोठ्या चित्रकार होणारेत हां! मग आम्हाला कोण ओळख देणार?"

"तुम्हाला कोण विसरणार? अख्खा दरवाजा अडवून बसता. तो चार लिटरचा डबा द्या इकडं."

चित्रे कोणी विकत घेते का, असे मी सहज विचारल्यासारखे विचारले.

"एक बाई घ्यायच्या. गुरुवारी दुकान लवकर सुटतं, तेव्हा माझ्या खोलीवर यायच्या. थोडा वेळ चित्रं बघायच्या, मग कोपऱ्यातल्या गादीवर झोपायच्या. दोन-दोन तास. गाढ."

"झोपण्याकरिता यावयाच्या?"

"हो ना! म्हणायच्या, घरी दुपारची झोपले तर आमचे साहेब डॉक्टरला नाही, घड्याळजीला बोलावतील." ती हसली, आणि एकाएकी डबा घट्ट बंद करू लागली. "गेल्या त्या जानेवारीत."

पत्नी गुरुवारी वाचनालयात जात असे, अशी माझी समजूत होती.

घरी येऊन विचार केला. केवळ झोपण्यासाठी कोणी चार किलोमीटर जात नाही. सबब अगदीच पटण्यासारखी नाही. खोटे बोलणारा सामान्यतः याहून बरी सबब रचतो, हे खरे. परंतु खरोखर हुशार असणारा मुद्दाम अशीच रचील. वृद्ध, थकलेली स्त्री, शेजारी चित्रांची चळत, दर गुरुवारी दोन तास. यातून निघणारा निष्कर्ष मी काढला आहे: चित्रे तिच्या गळ्यात मारली गेली.

रंगाच्या डब्याचे काय करावे, हे ठरलेले नाही.

मंगळवार, १९ मार्च

तराजू खरा की खोटा, हे पाहण्याचा एकच मार्ग असतो. सर्वांचे हात बाजूला करावयाचे आणि काटा कोठे थांबतो ते पाहावयाचे. आज मी सर्वांत मोठे चित्र लिलावगृहात दाखल केले.

तेथील लेखनिक बाईंनी अर्ज भरून घेतला. "राखीव किंमत किती ठेवू? म्हणजे त्याच्या खाली बोली गेली तर विकायचं नाही, अशी?"

"ठेवू नये."

त्यांनी लेखणी थांबविली. "या चित्रकर्तीचं लिलावात हे पहिलंच चित्र आहे. पहिला आकडा कायमचा चिकटतो बरं का. पडलं तर..."

"पडेल तर ते त्याचे खरे वजन."

"तुमचं त्यांच्याशी काही भांडण आहे का?"

हा प्रश्न अर्जात नव्हता.  नियमांची पत्रिका संपूर्ण वाचून सही केली. नियम नववा मला विशेष समाधानकारक वाटला: विक्रेत्याने आपल्या वस्तूवर स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत बोली लावू नये. निदान एका नियमाची तरी या धंद्यात आठवण आहे.

पत्नी फसविली गेली की नाही, एवढेच मला जाणून घ्यावयाचे आहे. फसविली गेली असेल, तर ते माझ्या डोळ्यांदेखत घडले.

रविवार, ७ एप्रिल

लिलावाचे सूचिपत्रक प्रसिद्ध झाले. आमचे चित्र सत्तेचाळिसावे. खाली 'राखीव किमतीशिवाय' असे छापले आहे.

अकरा वाजता गळपट्टेवाले आले. गळपट्टा नव्हता. त्यावाचून त्यांची मान फार बारीक दिसते. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"साहेब, हे काय केलंत? एवढंच सांगितलं होतं मी!"

"म्हणूनच केले."

"ऐका. संग्रहालयाची खरेदी समिती तिचं एक चित्र घेणार आहे. याच महिन्यात ठरणार. ते झालं, तर तिला दुकान सोडून वर्षभर नुसतं चित्र काढता येईल. समितीत एक जण आहे, तो आधी लिलावाचे आकडे बघतो. शनिवारी तुमचं चित्र पाच-दहा हजारांत गेलं, तर तो आकडा समितीपुढे येणार. संपलं. पुढची दहा वर्षं हाच आकडा तिच्या पाठीला."

"आपला माल उत्तम आहे ना? मग घेतील लोक."

"कोण? तिला ओळखणारे तीस जण, त्यांच्याकडे चित्रं आहेत. बाकीच्यांनी अजून नाव ऐकलेलं नाही. नवं माणूस हळूहळू उभं करावं लागतं."

"मग आपणच बोली लावा."

"मी हात वर केला, की अख्खी खोली म्हणेल, दालनवाला आपलाच माल उचलतोय. मग तो आकडा कुणी खरा धरायचा नाही." ते दारापर्यंत गेले आणि परत वळले. "बाईंना हे कळायला एक मिनिट लागलं नसतं."

मनुष्य संतापतो, तो बहुधा सापडला म्हणून. मात्र, सापडलेले दुकानदार माझ्यापुढे स्वतःविषयी बोलत असत. हे गृहस्थ अथपासून इतिपर्यंत त्या चित्रकर्तीविषयी बोलले. हे कोणत्या रकान्यात घालावे, ते कळत नाही.

गुरुवार, ११ एप्रिल

सायंकाळी सहा वाजता कन्या आली. तिला दालनवाल्यांनी कळविले होते. (माझ्या अपरोक्ष यांचे बोलणे चालते, याची नोंद.)

"बाबा, तुम्ही आईच्या चित्रांची झडती घेताय."

"मी तिच्या हिताची चौकशी करतो आहे."

"आता? आता तिचं हित?" तिचा आवाज चढला. "सहा महिने आई बारीक होत होती, बाबा. आणि तुम्ही काटा दुरुस्त केलात!"

  थोड्या वेळाने तिने माझ्यासाठी ताट वाढले आणि समोर बसून राहिली. मी जेवलो. जाताना तिने माझ्या सदऱ्याची कॉलर सरळ केली.

वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. गेल्या वर्षी जुलैत पत्नी न्हाणीघरातील काट्यावरून उतरून म्हणाली, "अहो, चार किलो कमी झालं माझं." मी म्हणालो, काटा बिघडला असेल. कपाटातून माझी जुनी प्रमाणित वजने काढली आणि काटा तपासला. तीनशे ग्रॅमची तफावत निघाली. स्प्रिंग घट्ट करून ती दूर केली, आणि संध्याकाळभर मी समाधानात होतो. ती "वा!" म्हणाली. उरलेल्या तीन किलो सातशे ग्रॅमची चौकशी मी केली नाही. रोगाचे निदान नोव्हेंबरात झाले.

उद्या चित्र परत घ्यावयाचे.

शुक्रवार, १२ एप्रिल

सकाळी नऊ वाजता लिलावगृहाच्या दारात. लेखनिक बाईंनी कागद पाहिला. "मागे घ्यायची मुदत काल पाचला संपली."

"काही दंड भरून?"

"नाही हो काका. नियम अकरा. तुम्हीच त्या दिवशी मला मोठ्यानं वाचून दाखवला होतात."

मुदतीचे महत्त्व मी हयातभर दुसऱ्यांना समजावीत आलो. हुज्जत घातली नाही. उद्या आत बसण्यासाठी काय करावे, असे विचारता त्यांनी दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखविले. तेथे नाव लिहून मला क्रमांक ११२ चा फलक देण्यात आला. फलकावाचून आत बसता येत नाही, असा माझा समज झाला.

शनिवार, १३ एप्रिल

दुपारी तीन वाजता. लांबट खोली, साठ-सत्तर खुर्च्या, एका बाजूच्या मेजावर चार दूरध्वनी. मी दुसऱ्या रांगेत बसलो. गळपट्टेवाले आले आणि इतर खुर्च्या रिकाम्या असूनही माझ्या शेजारी बसले. मी हरकत घेतली नाही.

सत्तेचाळिसावे चित्र दोन कामगारांनी आणून ठेवले. आमच्या बैठकीत ते एवढे मोठे कधी वाटले नव्हते. छापील अंदाज चाळीस ते साठ हजारांचा होता.

"वीस हजारांपासून सुरू करू," लिलाव पुकारणारे म्हणाले. कोणी हलले नाही. "पंधरा?" मागे कोणीतरी खोकले. "दहा? दहा तरी म्हणा मंडळी, एवढी मोठी भिंत आहे!" थोडा हशा पिकला.

मी शेजारी पाहिले. गृहस्थांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. तेव्हा मला समजले, की या पारड्याखाली चुंबक नाही. कधीच नव्हता.

"पाच?"

"पाच," मागून एक स्त्री म्हणाली.

मी वळून पाहिले. शेवटच्या रांगेमागे ती उभी होती, अंगात दुकानाचा निळा डगला. माझ्या मनात आलेला पहिला शब्द होता: सापडली. आपल्याच मालाचा भाव चढविणारी. हे मी लज्जेने लिहितो, पण लिहितो. नंतर तिचा चेहरा दिसला. गर्दीत हरवलेल्या मुलाचे नाव पुकारले गेले, म्हणजे आईचा होतो, तसा. भाव चढवावयास आलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. ती आपले चित्र घरी न्यावयास आली होती.

यानंतर माझा हात वर होता. तो मी केव्हा केला, हे सांगता येत नाही.

"सहा, समोर."

"सात," ती.

"आठ."

असे बावीस हजारांपर्यंत. मी पुन्हा मागे पाहिले नाही. तेविसाला तिचा आवाज आला नाही. पुकारणाऱ्यांनी हातोडा उचलला, तोच दूरध्वनीच्या मेजावरील तरुणाने बोट वर केले. "पंचवीस." चौथ्या रांगेतील एक जण सूचिपत्रकात नाव शोधू लागला आणि त्यानेही फलक उचलला. मग खोलीत ती कुजबुज सुरू झाली, जी मी बाजारात भाव चढताना अनेकदा ऐकली आहे. चाळीस. पंचावन्न. सत्तर. चौथी रांग थांबली. दूरध्वनी थांबेना. मीही थांबलो नाही. मला ते चित्र परत हवे होते. आमच्या बैठकीतल्या भिंतीवर, पत्नीच्या खुर्चीसमोर. एक लाख दहा हजारांना मी हात उचलू लागलो, तेव्हा गृहस्थांनी माझे कोपर धरून खाली दाबले.

"साहेब," ते ओठ न हलविता म्हणाले, "आता पुरे."

हातोडा पडला. चित्र दूरध्वनीवरील अनोळखी व्यक्तीचे झाले.

दारात गृहस्थ म्हणाले, "मी काही पाहिलेलं नाही हां." हे वाक्य दुकानांच्या शेजाऱ्यांकडून मी चौतीस वर्षे ऐकत आलो. माझ्या बाजूने ते आज प्रथमच उच्चारले गेले.

सोमवार, १५ एप्रिल

लिलावगृहास पत्र लिहिले. 'नियम नऊचा भंग माझ्या हातून झाला असून...' तीन मसुदे केले. तिसरा उत्तम आहे.

पत्र पाठविले, तर विक्री रद्द होईल आणि का रद्द झाली ते समितीला कळेल. न पाठविले, तर ज्यासाठी मी दुकानांना टाळे ठोकीत होतो तेच मी केले आणि दडविले. पारड्यावर माझे बोट होते. बोट नसते तर काटा कोठे थांबला असता, हे आता कोणालाही कळणार नाही. पत्नीची नजर खरी होती की नाही, तेही नाही.

टपालपेटीपर्यंत दोनदा गेलो. दोनदा परत आलो.

शनिवार, २० एप्रिल

दुपारी चार वाजता दार वाजले. चित्रकर्ती होती. मला पाहून तिने भुवया वर केल्या.

"अरे, तुम्ही! उत्तरेची खोली! लावला का रंग?"

"अद्याप नाही."

"म्हणजे बाईंचे साहेब तुम्ही?" ती काही क्षण उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "दालनवाल्यांनी फक्त पत्ता दिला. त्या दिवशी दुकानात सांगितलं का नाहीत?"

"तपासणीस गेलेला मनुष्य सांगत नाही."

"आणि मग विकायला काढलंत."

"होय. माझी पत्नी फसविली गेली काय, हे मला पाहावयाचे होते. माझे चुकले. मी आपली क्षमा मागतो."

अशी सरळ क्षमा तिला अपेक्षित नसावी. ती आत आली. उरलेली आठ चित्रे तिने एकेक करून पाहिली. बैठकीत मोठ्या चित्राची जागा रिकामी आहे. त्या उजळ चौकोनासमोर ती सर्वांत जास्त वेळ थांबली आणि म्हणाली, "हे बरं जमलंय."

मी चहा केला. तिने सांगितले, की समितीने बुधवारी तिचे चित्र घेतले. जूनपासून ती दुकान सोडणार आहे. गल्ल्यावरचा मनुष्य तिच्याशी दोन दिवस बोललेला नाही. मी अभिनंदन केले. ती आनंदात दिसली नाही. कपाची कड अंगठ्याने पुसत राहिली.

"एक विचारू? मीही होते तिथं. पाचपासून बोली माझीच. हसू नका, पण बावीस हजार होते सगळे मिळून."

"मी हसत नाही."

"समोर एक जण बसले होते. पांढरे केस, पाठमोरे. हात खालीच घेईनात. माझ्याहून जास्त हवंय यांना, म्हणून मी थांबले." तिने माझ्याकडे पाहिले. "पण घरी गेल्यावर डोक्यात किडा शिरला. ते भाव वाढवायला बसवलेलं माणूस तर नसेल? मग हे सगळंच खोटं, समितीपण. दालनवाल्यांना विचारलं, तर ते नुसता गळपट्टा नीट करतात. बाईंचे साहेब पुढं बसले होते, त्यांना विचार, एवढंच म्हणाले. तुम्ही पाहिलं असेल त्यांना. खरं सांगा, काका. त्यांना खरंच हवं होतं का ते?"

न तपासता मी आजवर कोणतेही प्रमाणपत्र दिलेले नाही. म्हणून उत्तरास वेळ घेतला. तिने घाई केली नाही.

"होय," मी म्हणालो. "त्याला ते खरोखर हवे होते. शेवटपर्यंत."

तिने मान हलविली. कप खाली ठेवला. मग खिडकीशेजारच्या लहान चित्राकडे बोट करून म्हणाली, "ते जरा तिरकं झालंय. सरळ करता?"

मी उठून तिकडे गेलो, तिच्याकडे पाठ करून चित्रावर पाणसळ धरली, आणि बुडबुडा स्थिर होईपर्यंत थांबलो. तो बरोबर मध्यावर आला. चित्र मुळीच तिरके नाही, असे मी तिला न वळताच सांगितले.

"हो का," ती मागून म्हणाली. "मग माझंच चुकलं."

मी वळलो, तेव्हा ती डोळे पुसत हसत होती. पत्र फाडून टाकले आहे. एवढ्या अचूक नजरेच्या व्यक्तीला सरळ चित्र तिरके का दिसावे, हे मात्र मला अद्याप उमगलेले नाही.